शाखेचा ताण प्रवेशाआधी कसा तोलायचा

जून उजाडला की माझ्या फाटकाशी आई-वडील मुलीला घेऊन उभे राहतात. हातात बारावीचा निकाल, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. खोली बघायच्या आधी, जेवणात काय असतं हे विचारायच्या आधी एकच प्रश्न येतो, "मावशी, फार्मसी फार जड जाते का हो? का इंजिनिअरिंगला टाकू?"

मी २००६ पासून जळगावात मुलींचं वसतिगृह चालवते. बेचाळीस मुली असतात. रावेर-यावलच्या लेवा बोलीतल्या, अमळनेर-पारोळ्याच्या अहिराणीतल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरी बोलणाऱ्या. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, बीएस्सी, बीए, सीए, सगळ्या एकाच छपराखाली. रात्री साडेबाराला मी एक फेरी मारते आणि ज्या खोलीत दिवा चालू असेल तिचा नंबर वहीत टिपून ठेवते. ही वही रागवायला ठेवलेली नाही. सकाळी कुणाला हाक मारायची आणि कुणाला अजून अर्धा तास झोपू द्यायचं, ते तिच्यावरून ठरतं. इतक्या वर्षांच्या वह्या झाल्या की कोणत्या शाखेची मुलगी कोणत्या महिन्यात जागी असते, ते मला तोंडपाठ आहे.

विषय अवघड आहे म्हणून खचलेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या. पोरी खचतात त्या हातात वेळ उरत नाही म्हणून, एकदा नापास झालं तर काय काय जाईल या धास्तीने, आणि हे सगळं कधी संपणार ते दिसत नाही म्हणून. प्रत्येक शाखेत या तिन्हींचं माप वेगळं असतं. पैशाची काळजी मात्र सगळीकडे सारखी. तेव्हा "कोणती शाखा अवघड" हे विचारणं सोडा आणि मी सांगते तसं तोलून बघा. एक संध्याकाळ पुरते.

आधी १६८ तास मांडा

आठवड्याचे तास १६८. पाठकोऱ्या कागदावर हा आकडा लिहा आणि वजाबाकी सुरू करा. सात तासांच्या झोपेचे ४९ गेले, उरले ११९. जेवण, आंघोळ, कपडे, केस यांना रोज तीन तास धरा, २१ गेले, उरले ९८. कॉलेज सहा दिवस, रोज सात तास, म्हणजे ४२. उरले ५६. आता मुलगी वसतिगृहात न राहता अमळनेरहून गाडीने अप-डाउन करणार असेल तर घर ते कॉलेज जाऊन-येऊन रोजचे तीन तास कुठे जात नाहीत, आठवड्याचे १८. उरले ३८. घरी राहणारी पोर आहे, म्हणजे पाणी भरणं, भाकरी, धाकट्या भावाचा अभ्यास हे सुटत नाही. रोज दोन तास, १४ गेले, २४ उरले. चार प्रॅक्टिकलची चार जर्नलं, एकेकाला तीन तास, १२ गेले. हातात राहिले १२. म्हणजे दिवसाला दोन तासही नाहीत, आणि त्यात अजून ना मैत्रिणीशी बोलणं आहे ना आजारपण.

ही वजाबाकी मी एकदा एका वडिलांसमोर केली. केळीचे बागायतदार, हिशेबाला पक्के. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी तर म्हणत होतो की पोरगी दिवसभर करते काय."

कॉलेजचे तास कसे काढायचे? विद्यापीठाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम असतो, विषयापुढे क्रेडिट लिहिलेले असतात. नव्या शैक्षणिक धोरणात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन शाखांचे क्रेडिट सारखे दिसले तरी जिथे प्रॅक्टिकल जास्त, तिथे मुलगी दुप्पट वेळ अडकते, आणि तोही उभ्याने. शाखेचा ताण तोलताना मी सगळ्यात आधी प्रॅक्टिकल मोजते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कॉलेजं एकाच गावात, पण नियम चार ठिकाणचे. बीए, बीकॉम, बीएस्सी आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे. खान्देशातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली. नर्सिंग आणि मेडिकल नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, शेतकी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. त्यामुळे "माझ्या भाच्याला चार विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू दिलं" हे ऐकून आपल्या मुलीचं ठरवू नका. भाच्याची शाखा कोणती, विद्यापीठ कोणतं, ते आधी विचारा.

नापास झालं तर काय, हे आधीच विचारा

प्रवेशाच्या दिवशी हा प्रश्न अभद्र वाटतो, म्हणून कुणी विचारत नाही. मी मात्र सगळ्यांना विचारायला लावते. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन शांतपणे म्हणायचं, "एटीकेटीचा नियम लेखी कुठे मिळेल?" म्हणजे किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात बसता येतं, किती राहिले तर वर्ष जातं, राहिलेला विषय परत कधी देता येतो आणि वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती चालू राहते का. ही चार उत्तरं कागदावर असली की पहिल्या निकालाच्या दिवशी मुलगी कोलमडत नाही. एक विषय राहणं आणि वर्ष बुडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिल्या वर्षाच्या पोरीला तो ठाऊकच नसतो. तिला वाटतं सगळं संपलं. दोन विषय राहिले म्हणून सामान बांधून बसलेली मुलगी मी जिन्यातून परत वर नेली आहे. तिच्या नियमात तर ती पुढच्या सेमिस्टरला सरळ बसू शकत होती.

फार्मसी

बाहेरून बघणाऱ्याला फार्मसी म्हणजे गोळ्या-औषधांची नावं पाठ करणं. खरा ताण असतो तासांचा. बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरलाच चार मोठी प्रॅक्टिकल, एकेक चार तासांचं. म्हणजे आठवड्यातले १६ तास नुसते प्रयोगशाळेत, ॲप्रन घालून, जळगावच्या उन्हाळ्यातसुद्धा. हजेरीचा नियम ८० टक्क्यांचा, थिअरीला वेगळा, प्रॅक्टिकलला वेगळा. दिवाळीला चार दिवस जास्त राहिलेली मुलगी पुढे दोन महिने हजेरीचा हिशेब करत बसते.

आणि जर्नल. माझ्या वहीत फार्मसीच्या खोल्यांचा दिवा सबमिशनच्या आठवड्यात सलग पाच-पाच रात्री सापडतो. चोपड्याकडची एक मुलगी होती, चित्रकला सुरेख. हृदयाची आकृती काढायला दीड तास घालवायची, लाल-निळ्या पेनांनी शिरा रंगवायची, आणि बाकीची आठ प्रॅक्टिकल कोरी. शेवटच्या रात्री दोन वाजता ती पानं पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. पेन उघडं, हात थांबलेला. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, मन्हाघाई नही व्हवाव." माझ्याच्याने नाही होणार. त्या रात्री दोघी मैत्रिणींना उठवून पानांना समास मारायला बसवलं, मी चहा ठेवला, आणि तिला सांगितलं की आकृती पेन्सिलीने, एका रंगात, दहा मिनिटांत.

तेव्हापासून माझ्याकडे फार्मसीच्या मुलींना एक सवय लावते. ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच संध्याकाळी सात ते आठ जर्नल. जेवणाआधी, खाली सभागृहात, सगळ्यांनी मिळून. बाकीचा अभ्यास नंतर. हा एक तास पाळला की फार्मसीचा निम्मा भार उतरतो. उरलेल्या निम्म्यासाठी झोप लागते. ती बारानंतर चोरू नका.

नर्सिंग

नर्सिंगकडे लोक "नोकरी लागते" म्हणून बघतात, आणि लागतेही. पण या शाखेचा ताण अंगावर येतो आणि मनावरही. सकाळची पोस्टिंग म्हणजे सहाला डबा. विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात सगळ्यांचं ऐकायचं, सिस्टरचं, डॉक्टरचं, पेशंटच्या नातेवाइकाचं. क्लिनिकलची हजेरी पदवी हाती पडायच्या आत १०० टक्के भरून द्यावी लागते, म्हणजे आजारी पडून बुडलेली ड्युटीसुद्धा मागाहून करायची.

आणि मरण. सतराव्या-अठराव्या वर्षी पहिलं मरण हाताखाली बघायचं, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. शिंदखेड्याची एक मुलगी दुपारी तीनला ड्युटीवरून आली ती थेट अंगणातल्या नळाशी. साबण लावून हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिसऱ्यांदा साबण घेतला तेव्हा बाहेर आले. "काय व्हयनं वं माय?" ती काही बोलली नाही. मी मेथीची जुडी आणली, तिच्यापुढे अर्धी ठेवली, आणि दोघी पायरीवर बसून निवडायला लागलो. अर्धी जुडी संपली तेव्हा म्हणाली, "त्या आजीचं तोंड सकाळी मीच पुसलं होतं. दुपारी सिस्टर म्हणाल्या, पुन्हा पुस." मग रडली. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून घेतला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

नर्सिंगला मुलगी घालणार असाल तर तीन गोष्टी बघा. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, की पोस्टिंगला दुसऱ्या गावी जावं लागतं. नेणारी-आणणारी गाडी कुणाची आणि पहाटे ती फाटकापर्यंत येते का. आणि नाइट ड्युटी करून आलेल्या मुलीला सकाळी झोपायला अंधारी खोली मिळेल का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. मी नर्सिंगच्या मुलींना मागच्या बाजूच्या खोल्या देते आणि खिडकीला जाड गोणपाट लावते. उन्हाळ्यात तेच गोणपाट ओलं केलं की खोली गारही राहते. घरच्यांसाठी एक सूचना: ड्युटी संपल्या संपल्या फोन करून "काय खाल्लं, पैसे किती उरले" असं विचारू नका. दोन तास जाऊ द्या.

इंजिनिअरिंग

इथला ताण व्याजासारखा चढतो. पहिल्या सेमिस्टरचं गणित राहिलं, दुसऱ्यात ते धरून सहा विषय, तिसऱ्यात सात. मूळ विषयाची भीती थोडी आणि साचलेल्या ओझ्याची भीती मोठी. म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलीला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: राहिलेला विषय नव्या विषयांच्या आधी वाच. रोज सकाळी ४० मिनिटं. तो सुटला की बाकीचे हलके होतात.

खेड्यावरून आलेल्या मुलीला पहिले तीन महिने इंग्रजीचा अडसर असतो. बारावीला विज्ञान इंग्रजीत लिहिलं असलं तरी सर मराठीतून समजावत होते. इथे वर्गात प्रश्न विचारायची भीती बसते आणि "मला काही येत नाही" असं मनात घर करतं. त्यावर वरच्या वर्गातली, आपल्याच तालुक्यातली मुलगी शोधून देणं हा माझा हमखास उपाय. ती अहिराणीतून इंटिग्रेशन समजावते आणि पोरीचा चेहरा खुलतो.

कॉम्प्युटरला जायचं की सिव्हिल-मेकॅनिकलला, यावर घरोघरी वाद होतात. पहिल्या वर्षाला फारसा फरक नसतो. फरक पडतो शेवटच्या वर्षी. कॉम्प्युटरच्या मुली एकमेकींचं पॅकेज मोजत जागतात आणि बाकीच्या शाखांतल्या मुली "कंपनी येईल तरी का" म्हणून. पुण्याला जावं लागेल, तिथे राहायला पैसे लागतील, हे तिसऱ्या वर्षीच घरी बोलून ठेवा. निकालानंतर एकदम सांगितलं की भांडण होतं.

सीए

बाहेरून दिसत नाही असा एकाकी ताण इथे असतो. वर्ग नाही, हजेरी नाही, सोबत कुणी नाही. इंटरमीजिएटच्या एका ग्रुपला तीन पेपर, प्रत्येकाला किमान ४० आणि ग्रुपला मिळून ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० लागतात. माझ्याकडच्या एकीला ४५, ४८ आणि ५२ मिळाले. तिन्ही पेपर पास, बेरीज १४५, ग्रुप गेला. तिचे वडील फोनवर विचारत राहिले, "तिन्हीत पास आहेस ना, मग नापास कशी?" हे गणित घरच्यांना आधी समजावून ठेवलं तर पोरीला निकालाच्या दिवशी दोन लढाया लढाव्या लागत नाहीत. आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात, त्यामुळे वाट बघायचा काळ कमी झाला आहे. पण त्याच कारणाने काही मुली विश्रांतीच घेत नाहीत. दोन प्रयत्नांच्या मध्ये दहा दिवस घरी जाऊन यायचं, पुस्तक न नेता, असा माझा दंडक आहे.

बीएस्सी, आणि बीएस्सीच्या आडून नीट

साधं बीएस्सी, रोजची हजेरी लावून केलं तर झेपतं. अडचण होते ती नावाला बीएस्सी आणि जीव नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, अशा मुलींची. १८० प्रश्न, ७२० गुण, वर्षातली एक दुपार. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, आणि दोन्हीकडे अर्धी. अशी मुलगी आली की मी आई-वडिलांना बसवून विचारते, "हा कितवा प्रयत्न, आणि कितव्याला थांबायचं?" बऱ्याचदा उत्तर येत नाही. एका वर्षात एकच काम द्या. रिपीट करायचं तर मोकळ्या मनाने करू द्या. बीएस्सी करायचं तर नीटची पुस्तकं माळ्यावर टाका.

शेतकीच्या मुली माझ्याकडे थोड्याच आल्या. सकाळी लवकर शेतावर प्रॅक्टिकल, ऊन, आणि शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव. अंगमेहनत आहे, पण शेतकऱ्याच्या पोरी तिथे रमतात. दिवा लवकर विझतो त्यांचा.

बीए, जिला सगळे सोपी म्हणतात

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. साक्री तालुक्यातली एक मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे आली. खोल्या वाटताना मी तिला इंजिनिअरिंगच्या दोघींबरोबर टाकलं. मनात विचार असा, की हिला अभ्यास कमी, दिवा चालू राहिला तरी हिचं काय बिघडतं. त्या दोघींचा दिवा दोनपर्यंत. ही साडेचारला उठून, आवाज न करता, बूट हातात घेऊन फाटकाशी यायची. पोलीस भरतीची तयारी. मैदानावर ८०० मीटर, गोळाफेक, मग कॉलेज, मग संध्याकाळी लेखीचा क्लास. भरतीत मैदानी ५० आणि लेखी १००, दोन्ही सांभाळायचं. दीड महिना ती पोर रोज अडीच-तीन तास झोपत होती आणि मला पत्ता नाही, कारण माझ्या वहीत त्या खोलीपुढे मी "इंजिनिअरिंग" लिहून मोकळी झाले होते. ऑक्टोबरच्या उन्हात एके सकाळी पाण्याच्या टाकीजवळ चक्कर येऊन पडली.

दवाखान्यातून आणल्यावर उशाशी बसले. म्हणाली, घरून एक वर्ष दिलं आहे. भरती निघाली आणि लागली तर ठीक, नाहीतर तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघायला सुरुवात. इंजिनिअरिंगच्या मुलीला चार वर्षं कुणी विचारत नाही. नर्सिंगच्या मुलीची नोकरी लागेपर्यंत थांबतात. बीएच्या मुलीला मात्र प्रत्येक सुट्टीत, प्रत्येक हळदीत, प्रत्येक मावशी-काकू विचारते, "मग पुढे काय?" तिच्या परीक्षेला फारसा ताण नाही, पण तिच्या प्रत्येक दिवसाला आहे. मी वर जे लिहिलं, शेवट दिसत नाही म्हणून खचतात, ते याच मुलींकडून शिकले.

तेव्हापासून मी खोल्या शाखेवरून देत नाही, झोपण्या-उठण्याच्या वेळेवरून देते. पहाटे उठणाऱ्या एका बाजूला, रात्री जागणाऱ्या दुसऱ्या बाजूला. साक्रीची मुलगी पुढे पहाटेवाल्यांच्या खोलीत गेली आणि तिची धावही सुधारली.

बीएला मुलगी घालताना घरच्यांनी मुदत तिच्याशी बोलून ठरवावी आणि लिहून ठेवावी. "पदवीनंतर दोन वर्षं आम्ही लग्नाचा विषय काढणार नाही," असं एक वाक्य कागदावर, खाली वडिलांची सही. मी असे कागद करून घेतले आहेत. सगळे पाळले गेले असं म्हणत नाही, पण ज्या घरात सही झाली त्या घरातली मुलगी सुट्टीवरून परत येताना हसत आली. भरतीच्या जोडीला दुसरं काहीतरी हाताशी असू द्या, टायपिंग म्हणा, बीएडची तयारी म्हणा. एकाच दोरीवर सगळा भार नको.

पैशाची तारीख आणि परीक्षेची तारीख

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला असला तर. मोठा आधार आहे हा. पण खोली, जेवण, ॲप्रन, पुस्तकं, गाडीभाडं हे त्यात नाही, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात येईपर्यंत धीर धरावा लागतो. घरचा कापूस दिवाळीच्या पुढे-मागे निघतो, विकतो त्याच्याही नंतर. हिवाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत.

पेपरच्या आदल्या रात्री वडिलांचा फोन येतो, "कापसाला भाव नाही, तू काळजी करू नको." दुसरं वाक्य मुलीला ऐकूच येत नाही. तिच्या डोक्यात पहिलंच फिरत राहतं. शेतातली बातमी लपवा असं नाही म्हणत मी. शेवटचा पेपर झाला की सांगा. जेवणाच्या पैशांचं मी स्वतः घरच्यांशी ठरवते, कापूस विकल्यावर द्या म्हणते, मुलीच्या हाती चिठ्ठी देत नाही. तुमची मुलगी जिथे राहील तिथल्या बाईंशी जूनमध्येच असं बोलून घ्या.

मोजायची एक सोपी पट्टी

एका समुपदेशक ताईंनी माझ्याकडे दहा प्रश्नांचा एक कागद ठेवला आहे. जगभर वापरतात, मूळ १९८३ साली तयार झालेली ही ताणाची पट्टी. गेल्या महिन्याभरात किती वेळा अनपेक्षित गोष्टीने अस्वस्थ झालीस, किती वेळा कामं आवाक्याबाहेर गेली असं वाटलं, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ४०. साधारण २७ च्या वर गेलं तर ताण फार आहे असं धरतात. हे आजाराचं निदान नाही, ताप बघायच्या थर्मामीटरसारखं आहे. मी सबमिशनच्या आधी एकदा आणि परीक्षेनंतर एकदा भरून घेते. परीक्षा संपूनही आकडा खाली आला नाही, तर ताण अभ्यासाचा नव्हता असं समजायचं आणि दुसरीकडे शोधायचं.

कागद नसला तरी डोळे असतात. गुरुवारी वरण-बट्टी असते, त्या दिवशीही ताट तसंच परत आलं, तीन-चार दिवस केसांना पाणी नाही, जिचा आवाज जिन्यात आधी यायचा ती भिंतीच्या कडेने जाते, आपली आवडती ओढणी उगाच दुसरीला देऊन टाकते. शेवटची खूण दिसली तर मी त्या रात्री तिच्या खोलीत झोपते. सरळ विचारते, "मरावंसं वाटतंय का तुला?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट बांध फुटतो आणि पोर बोलते. मग तिला एकटी सोडायची नाही, घरच्यांना बोलवायचं, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायचं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. प्रवेश घेताना कॉलेजात विचारा, ते कुठे बसतात आणि कोणत्या वेळी भेटतात.

टेलिमानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. हा नंबर मी आधी नोटीस बोर्डावर लावला होता. दोन वर्षांत कुणी त्याच्याजवळ थांबलेलं पाहिलं नाही, कारण बोर्ड जेवणाच्या रांगेसमोर आहे. मग तो काढला आणि न्हाणीघरांच्या दारांना आतून चिकटवला, डोळ्यांच्या उंचीवर. आता पावसाळ्यात ओल धरते, कागद दर दोन महिन्यांनी बदलावा लागतो. एका दारावरचा कागद गेल्या वर्षी कुणीतरी अलगद सोडवून नेला. मी कुणाला विचारलं नाही. दुसरा लावला.